दहा पैशांना दहा केबी

साधारण २०१०च्या आसपास कॉलेजांच्या कट्ट्यांवर, मोबाईलच्या दुकानांत आणि एसटीच्या लांबच्या प्रवासात एक कृती एकाकडून दुसऱ्याकडे तोंडी पोचत होती. ऑपेरा मिनी उघडायचं. संकेतस्थळाचा पत्ता टाकायच्या जागी इंग्रजीत ‘ऑपेरा’, मग कोलन, मग ‘कॉन्फिग’ टाइप करायचं. एक रूक्ष, लांबलचक पान उघडायचं. त्याच्या तळाकडे एक प्रश्न असायचा : अवघड लिप्यांसाठी बिटमॅप फॉन्ट वापरायचे का? तिथल्या ‘नो’चं ‘येस’ करायचं आणि सेव्ह करायचं. एवढं केलं की ज्या पानावर तोवर नुसते रिकामे चौकोन दिसत होते, तिथे मराठी अक्षरं उमटायची.

बिटमॅप म्हणजे काय, हे ती कृती सांगणाऱ्यालाही बहुधा ठाऊक नसे. घडत होतं ते असं : फोनला देवनागरी लिहिता येत नव्हती, म्हणून दूर कुठल्यातरी सर्व्हरवर मराठी मजकुराची चित्रं तयार होत होती आणि ती फोनकडे धाडली जात होती. आपल्यापैकी कित्येकांनी मोबाईलवर पहिल्यांदा वाचलेली मराठी बातमी ही अशी अक्षरांची चित्रं होती. चित्रांना डेटा जास्त लागे, म्हणजे इंग्रजी पानापेक्षा मराठी पान महाग पडे. तरीही लोकांनी ते सेटिंग शोधलं, पाठ केलं आणि एकमेकांना शिकवलं.

टचस्क्रीन हातोहाती होण्याआधी, बटणांच्या फोनवर पंधराएक वर्षं एक वेगळंच इंटरनेट नांदून गेलं. त्याचा इतिहास आपल्याकडे नीट लिहिला गेलेला नाही. तो पाहताना मला एक गोष्ट सतत जाणवते. त्या काळात ज्या सेवा खरोखर चालल्या, त्या वापरणाऱ्याच्या अडचणी मान्य करून उभ्या राहिल्या होत्या. स्क्रीन किती लहान आहे आणि खिशात किती पैसे आहेत, याचा विचार करणारे लवकर भेटले. समोरच्याची लिपी कोणती आहे, हा विचार मात्र सगळ्यांत शेवटी झाला.

सुरुवात वॅपपासून करायला हवी. नोकिया, एरिक्सन, मोटोरोला आणि अमेरिकेतली अनवायर्ड प्लॅनेट या कंपन्यांनी १९९७मध्ये एकत्र येऊन वॅप फोरम स्थापन केला. फोनला इंटरनेटची पानं दाखवायची तर त्यासाठी सगळ्यांनी पाळायचे नियम हवेत, हा हेतू. १९९९मध्ये नोकिया ७११० हा वॅप ब्राउझर असलेला फोन आला. त्याची स्क्रीन ९६ बाय ६५ ठिपक्यांची, म्हणजे मजकुराच्या जेमतेम पाच-सहा ओळी. रंग नाहीत. चित्र असलंच तर काळ्या ठिपक्यांचं. खाली-वर सरकायला बोटाने फिरवायचं एक छोटं चाक.

नेहमीचं वेबपान या फोनला पेलणारं नव्हतं. म्हणून वॅपची पानं वेगळ्या भाषेत लिहावी लागत. एका फाइलला ‘डेक’ म्हणायचं आणि त्यातल्या एकेका पडद्याला ‘कार्ड’. ७११०ला एका वेळी दीडएक केबीपेक्षा मोठा डेक पचत नसे. फोन थेट संकेतस्थळाशी बोलतही नसे. मोबाईल कंपनीकडे गेटवे नावाचा संगणक असायचा. फोन त्याला मागणी सांगे, तो इंटरनेटवरून पान आणी, आवळून छोटं करी आणि फोनला देई. हा मधला दुभाष्या पुढच्या सगळ्या गोष्टीत पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

वॅपला मारलं ते पैशाने. पान पाहायचं म्हणजे फोनने अक्षरशः एक कॉल लावायचा, सेकंदाला ९.६ किलोबिट या वेगाने. पान येईपर्यंत मिनिटं मोजली जात. आपल्याकडे २००० साली तर आलेला कॉल घ्यायलाही पैसे पडत. इनकमिंग फुकट झालं ते २००३मध्ये. अशा दरात हवामान आणि शेअरचे भाव पाहायला कोण मिनिटं जाळणार? युरोपात जाहिरातींनी ‘खिशात इंटरनेट’ असं सांगून ठेवलं होतं आणि हाती पाच ओळी येत होत्या. भारतीय कंपन्यांनीही त्या सुमारास वॅप आणलं, पण ते मुंबई-दिल्लीच्या काही हौशी आणि पैसेवाल्या ग्राहकांपलीकडे गेलं नाही.

नोकिया ७११० आला त्याच वर्षी जपानमध्ये मात्र उलट घडत होतं. २२ फेब्रुवारी १९९९ रोजी एनटीटी डोकोमोने आय-मोड सुरू केलं. वेग तोच, सेकंदाला ९.६ किलोबिट. फरक दोन गोष्टींत होता. एक तर पैसे वेळेनुसार आकारले जात नव्हते. १२८ बाइटच्या एका पाकिटाला ०.३ येन असा हिशोब होता. म्हणजे पान वाचत बसलात तर बिल वाढत नव्हतं. दुसरं, सेवा देणाऱ्या कंपन्यांची वर्गणी डोकोमो आपल्याच बिलात वसूल करी आणि त्यातले नऊ टक्के स्वतःकडे ठेवून बाकी त्यांना देई. छोट्या कंपन्यांनाही धंदा दिसू लागला. बँक, रेल्वेचं वेळापत्रक, भविष्य, रिंगटोन, सगळं आलं. तीन वर्षांत आय-मोडचे ग्राहक तीन कोटींवर गेले. आज आपण ज्या इमोजी पाठवतो त्यांतल्या एका मोठ्या घराण्याचा उगमही तिथलाच : शिगेताका कुरिता यांनी आय-मोडसाठी १२ बाय १२ ठिपक्यांत बसवलेली १७६ चिन्हं.

पण जपानची आणखी एक बाजू आपल्याकडे फारशी बोलली जात नाही. ते फोन पहिल्या दिवसापासून जपानी दाखवत होते. हजारो चिन्हांची कांजी, दोन प्रकारच्या काना, सगळं त्या चिमुकल्या स्क्रीनवर. कारण फोन बनवणारे, सेवा देणारे आणि वापरणारे एकाच भाषेतले होते. देवनागरीला चिन्हं त्या मानाने कितीतरी कमी. अडचण तिच्या जोडणीत आहे. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते आणि लिहिताना आधी. जोडाक्षरं एकमेकांत शिरतात, रफार वर चढतो. यासाठी फोनमध्ये अक्षरं जुळवणारी वेगळी यंत्रणा लागते. ती नसली की चौकोन दिसतात, आणि अर्धवट असली की ‘स्थिती’सारखा साधा शब्दही मोडून पडतो. हे काम अशक्य नव्हतं. हिंदी मेनू असलेले स्वस्त फोन आपल्याकडे विकले जातच होते. पण मेनूत हिंदी असणं वेगळं आणि ब्राउझरमध्ये मराठी पान नीट उमटणं वेगळं.

दोष केवळ फोनचाही नव्हता. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१पासून होती, तरी २००५च्या आगेमागे बरीच मराठी संकेतस्थळं आपापले खासगी फॉन्ट वापरत. संगणकावर तो फॉन्ट उतरवून घेता येई, फोनवर ती सोयच नव्हती. मराठी विकिपीडिया २००३च्या १ मे रोजी, महाराष्ट्र दिनी, सुरू झाला. आधीपासून युनिकोडवर असलेल्या अशा मोजक्या ठिकाणांचं मराठी पुढे फोनवर उमटू शकलं, ते या दूरदृष्टीमुळेच.

२००२च्या डिसेंबरात रिलायन्स इन्फोकॉम आलं आणि २००३च्या पावसाळ्यात ५०१ रुपये भरून फोन मिळू लागला. मोबाईल खऱ्या अर्थाने वाडीवस्तीवर गेला तो तेव्हापासून. त्या फोनवर ‘आर-वर्ल्ड’ होतं : बातम्या, क्रिकेट, आरत्या, भविष्य, खेळ. ते मोकळं इंटरनेट नव्हतं, कंपनीने आखलेलं अंगण होतं. पण फोनमध्ये बोलण्यापलीकडेही काही असतं, ही गोष्ट हजारो घरांना ‘आर-वर्ल्ड’मुळेच कळली.

जीएसएम जाळ्यावरच्या इतर कंपन्यांकडे तोवर जीपीआरएस ही डेटासेवा आली होती. आता कॉल लावावा लागत नव्हता, पैसे डेटावर होते. पुढे कितीतरी वर्षं पाठ झालेला दर म्हणजे दहा पैशांना दहा केबी. ऐकायला तो चिल्लर वाटतो. हिशोब केला तर एक एमबी दहा रुपयांच्या वर जाते. तीनशे केबीचं एक साधं वेबपान उघडलं की तीन रुपये गेले. दहा रुपयांचा छोटा रिचार्ज मारणाऱ्या माणसाचे तीन पानांत बारा वाजले. त्यामुळे चुकून इंटरनेटचं बटण दाबलं गेलं की लाल बटणावर अंगठा किती घाईने जायचा, हे त्या पिढीतल्या प्रत्येकाला आठवत असेल. नोकियाच्या फोनवर शून्य दाबून धरलं तरी ब्राउझर उघडे. घरातली मोठी माणसं मुलांना बजावत, त्या पृथ्वीच्या चित्राला हात लावू नको.

आधी सेटिंग मिळवणं हेच एक काम होतं. कस्टमर केअरला फोन करायचा, हँडसेटचा नंबर सांगायचा, मग एक विशेष मेसेज येई. तो सेव्ह करायचा, फोन बंद करून चालू करायचा, आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात ‘जी’ किंवा ‘ई’ दिसतोय का ते पाहायचं. नाही दिसला तर अॅक्सेस पॉइंट हाताने भरायचा. गावातल्या मोबाईल दुकानदाराचं खरं शिक्षण इथे झालं. ज्याला हे जमायचं नाही किंवा परवडायचं नाही, तो त्याच दुकानात मेमरी कार्ड देऊन गाणी आणि सिनेमे भरून घ्यायचा. एकाने उतरवलं आणि शंभरांनी वापरलं. डेटा महाग असलेल्या मुलखाने स्वतः शोधलेला हा मार्ग होता.

या सगळ्याला कलाटणी दिली ती ऑस्लोच्या ऑपेरा कंपनीने. ऑपेरा मिनी २००५च्या ऑगस्टमध्ये आधी नॉर्वेत आलं आणि २४ जानेवारी २००६ रोजी जगभर खुलं झालं. कल्पना वॅपच्या गेटवेची होती, पण नेमकी चूक सुधारून. वॅपसाठी संकेतस्थळवाल्यांना वेगळी पानं लिहावी लागत. ऑपेरा मिनीत कोणतंही साधं पान चाले. कंपनीचे सर्व्हर ते पान स्वतः उघडत, मांडत, चित्रं बारीक करत आणि सगळं आवळून फोनकडे पाठवत. डेटा नव्वद टक्क्यांपर्यंत वाचतो, असा कंपनीचा दावा होता. म्हणजे तीन रुपयांचं पान तीस पैशांत. फोनला फक्त तयार पान दाखवायचं उरे, त्यामुळे जावा चालणारा कुठलाही साधा हँडसेट पुरे होई. भारत हा या ब्राउझरच्या सर्वांत मोठ्या बाजारांपैकी एक झाला, यात नवल नाही.

दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी हे चित्र स्पष्ट दिसे. सायबर कॅफेबाहेर रांग, आत संथ संगणक. आणि कट्ट्यावर ऑपेरा मिनी असलेल्या एका मुलाभोवती वर्गातल्या अर्ध्या मुलांचं कोंडाळं. बैठक क्रमांक एकेकाने सांगायचा, त्याने तो टाकायचा, आणि गुणांचा तक्ता तुकड्यातुकड्याने खाली सरकत यायचा.

याची एक किंमत होती आणि ती वापरणाऱ्यांना कोणी नीट सांगितली नाही. वॅपच्या गेटवेत मजकुराचं कुलूप एकदा उघडून पुन्हा लावलं जाई. तज्ज्ञ त्याला वॅपमधली फट म्हणत. ऑपेरा मिनीतही तेच होतं : फोन ते सर्व्हर एक कुलूप, सर्व्हर ते बँक दुसरं, आणि मध्ये सर्व्हरवर सगळं उघडं. कंपनीने त्याचा गैरवापर केला असं मी म्हणत नाही. पण बँकेचा पासवर्ड टाकणाऱ्याला हे ठाऊक असायला हवं होतं.

ब्राउझरच्या या गोष्टीपेक्षाही महाराष्ट्रासाठी मला जास्त मोलाची वाटते ती एसएमएसची गोष्ट. कारण बहुसंख्य लोकांचं ‘ऑनलाइन’ असणं तेव्हा मेसेजपुरतंच होतं, आणि तिथले प्रयोग आपल्या मातीत झाले.

वारणानगरची सहकारी साखर चळवळ सर्वांना माहीत आहे. १९९८मध्ये तिथे ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. पन्नासहून अधिक गावांत संगणकांची केंद्रं बसली. शेतकऱ्याने तिथे येऊन जगभरची माहिती घ्यावी, अशी मोठी स्वप्नं त्यामागे होती. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या बंगळूर केंद्रातले राजेश वीरराघवन, नागा यशोधर आणि केंटारो टोयामा तिथे गेले. त्यांना दिसलं की संगणकांचा वापर प्रत्यक्षात ऊसधंद्याच्या मोजक्या कामांपुरता होतोय : आपला ऊस किती भरला, खताची उचल किती झाली, अशा गोष्टी. एवढ्यासाठी संगणक, त्याची वीज, त्याची दुरुस्ती आणि केंद्र उघडं असण्याची वाट पाहणं हा सगळा व्याप होता. त्यांनी कारखान्यातल्या एका संगणकाला फोन जोडला. शेतकऱ्याने ठरलेल्या पद्धतीने एसएमएस पाठवायचा, उत्तर एसएमएसने येणार. सात गावांत आठ महिने हा प्रयोग चालला. संगणकावर होत असलेलं प्रत्येक काम मेसेजवर झालं, स्वस्तात झालं, आणि शेतकऱ्यांना ते संगणकापेक्षा जास्त आवडलं. ‘वारणा अनवायर्ड’ नावाने हा अभ्यास प्रसिद्ध आहे.

मला या प्रयोगाबद्दल आदर वाटतो तो एका कारणासाठी. शेतकऱ्याला काय हवं असायला पाहिजे, हे या लोकांनी ठरवलं नाही. तो काय विचारतो ते बघितलं.

दुसरा प्रयोग जास्त गाजला. ऑक्टोबर २००७मध्ये रॉयटर्स मार्केट लाइट ही सेवा महाराष्ट्रातच सुरू झाली. आपली पिकं आणि आपले बाजार सांगायचे, मग रोज मराठीत एसएमएस येणार : भाव, हवामान, पिकाचा सल्ला. तिची वर्गणी टपाल कार्यालयांतूनही भरता येई. २००९मध्ये नोकियाने लाइफ टूल्स आणलं, त्याचीही सुरुवात महाराष्ट्रातून झाली. त्यात जीपीआरएस लागत नसे. माहिती एसएमएसनेच येई आणि फोन ती चित्रांच्या मेनूत मांडून दाखवी. महिन्याला तीस रुपयांत हवामान आणि सल्ला, साठ रुपयांत बाजारभावही.

याचा उपयोग किती झाला? मार्सेल फाफशांप आणि बार्ट मिंटेन या अर्थतज्ज्ञांनी राज्यातल्या १०० गावांत चाचणी घेतली. पुणे, नाशिक, अहमदनगर, धुळे आणि सातारा हे जिल्हे. टोमॅटो, डाळिंब, कांदा, गहू, सोयाबीन ही पिकं. काही गावांतल्या शेतकऱ्यांना रॉयटर्सची सेवा फुकट दिली, काहींना नाही. २०१२मध्ये निष्कर्ष आले : शेतकऱ्यांनी काही निर्णयांत ही माहिती वापरली, पण मिळालेल्या भावात सरासरी असा ठाम फरक आढळला नाही.

केरळच्या किनाऱ्यावरचं उत्तर वेगळं होतं. तिथे १९९७पासून मोबाईलचे मनोरे उभे राहिले आणि मच्छीमार समुद्रातूनच बाजारांत फोन करू लागले. रॉबर्ट जेन्सन यांच्या २००७च्या अभ्यासानुसार बाजाराबाजारातली भावांची तफावत घटली, फेकून द्यावी लागणारी मासळी जवळपास थांबली, मच्छीमारांचा नफा सरासरी आठ टक्क्यांनी वाढला आणि गिऱ्हाइकाला मासळी चार टक्क्यांनी स्वस्त पडली.

दोन्हीकडे फोनच होता, मग फरक का? माझं उत्तर असं : होडीचं तोंड दुसऱ्या बंदराकडे वळवता येतं. लासलगावचा भाव नगरमधल्या शेतकऱ्याला मेसेजवर दिसला, तरी टेम्पोचं भाडं, आडत्याकडून आधी घेतलेली उचल आणि ओळखीची पेढी त्याला नेहमीच्याच बाजाराकडे नेतात. भाव कळल्यावर माल तिथे न्यायची सोय कुणी करून दिली नव्हती. हा दोष एसएमएसच्या माथी मारता येणार नाही.

साध्या सेवा मात्र घट्ट रुजल्या. रेल्वेच्या १३९ क्रमांकावर दहा आकडी पीएनआर पाठवला की तिकीट पक्कं झालं का ते कळे. गणपतीला कोकणात जायला वेटिंगवर असलेल्या कुटुंबासाठी तेवढी एक ओळ पुरेशी होती. दुसऱ्या टोकाला लूटही झाली. न मागितलेल्या कॉलर ट्यून आणि विनोदांच्या नावाखाली बॅलन्समधून रोज रुपया-दोन रुपये कापले जात. ग्राहकाची दोनदा संमती घेतल्याशिवाय अशी सेवा सुरू करायची नाही, हा दूरसंचार नियामकाचा आदेश २०१३ साली आला. तोवर किती गोरगरिबांचे रिचार्ज त्यात गेले, याची भरपाई झाली नाही.

आणि पुन्हा लिपी. एका एसएमएसमध्ये इंग्रजीची १६० अक्षरं बसत, देवनागरीची फक्त ७०. त्यातही काना, मात्रा, वेलांटी प्रत्येकी वेगळी मोजली जाई. म्हणजे मराठीत लिहिलं की एकाचे दोन-तीन मेसेज होत आणि पैसेही तितकेच पडत. एका पिढीला रोमन लिपीत मराठी लिहायची सवय लागली, तिचं एक कारण हे आहे. तरुणांना भाषेचं प्रेम नाही, अशी टीका त्या काळात व्यासपीठांवरून फार झाली. मला ती अन्यायाची वाटते. ज्या मुलांनी ऑपेराच्या आडरानातून मराठी शोधून काढली, तीच ही मुलं होती.

भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोबाईलवर राज्यघटनेच्या अनुसूचीतल्या सर्व २२ भाषांतले मेसेज वाचता आले पाहिजेत, असा केंद्र सरकारचा आदेश निघाला २०१६च्या ऑक्टोबरमध्ये. नोकिया ७११० येऊन तोवर सतरा वर्षं झाली होती. अंमलबजावणीची तारीख नंतर पुढेही गेली. त्याआधीच्या महिन्यात, ५ सप्टेंबर २०१६ रोजी, जिओ सुरू झालं होतं आणि दहा पैशांना दहा केबीचा हिशोब कायमचा निकालात निघाला होता.

बटणांचे फोन मात्र निकालात निघाले नाहीत. २०२२च्या ८ मार्चला रिझर्व्ह बँकेने साध्या फोनसाठी ‘यूपीआय १२३ पे’ सुरू केलं, तेव्हा असे फोन वापरणारे ४० कोटींहून अधिक असल्याचं सांगितलं गेलं. इंटरनेटशिवाय बँकेचं काम करण्यासाठी ‘स्टार ९९’ ही सेवा देशभर २०१४पासून आहे, आणि तिची मराठी शाखाही आहे : स्टार, ९९, स्टार, २८, हॅश. किती बँकांच्या शाखांत हा क्रमांक मराठीत लिहून लावलेला दिसतो?

आज पीकविमा, शिष्यवृत्ती, सातबारा, रेशन, सगळं ऑनलाइन आहे, आणि त्यांची पानं भरगच्च आहेत. ती बनवणाऱ्या कचेऱ्यांना आणि कंपन्यांना माझी विनंती आहे. सेवा जाहीर करण्याआधी एकदा सर्वांत स्वस्त फोन घ्या, सिग्नलची एकच कांडी असलेल्या गावात जा आणि तुमचं पान मराठीत उघडून पाहा. ते उघडलं नाही, तर अर्जाचं काय झालं हे मराठीत सांगणारी एसएमएसची सोय आधी सुरू करा.